फिरवासर

हातात आलेली कुठलीही वस्तू फिरवून बघायची, ही सरांची खोड. बशी, नट, बाटलीचं झाकण, काहीही. किती फिरवलं की ती पुन्हा पहिल्यासारखी दिसते, याचा त्यांना नाद. म्हणून आमच्या घरात त्यांचं नाव फिरवासर पडलं.

ते एका इंजिनिअरिंग कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायचे. दर उन्हाळ्यात तिथल्या मास्तरांना प्रवेश गोळा करायला दारोदार पाठवत. तसेच ते माझ्या बारावीच्या उन्हाळ्यात चिखलीत वडिलांच्या, पत्र्याचे भाग ठोकायच्या प्रेसच्या शेडवर आले. भंगारात षटकोनी भोकांची पातळ जाळी पडली होती. सरांनी ती उचलून साठ अंशांनी फिरवली. "फरक दिसतो?" मी नाही म्हटलं. मग ती ओढून तिरकी केली. "आता?"

"स्फटिकात अणू असेच मांडलेले असतात," ते म्हणाले. "इलेक्ट्रॉनला कुठली ऊर्जा चालेल, त्याचे पट्टे ही मांडणी ठरवते. काही पदार्थांत दोन पट्टे एकमेकांना छेदतात, आणि मांडणीतला सारखेपणा आहे तोवर ते सुटत नाहीत. तो मोडला, की मध्ये फट पडते. पदार्थाचा स्वभावच बदलतो."

"सगळीकडून सारखं ताणलं तर? मग सारखेपणा राहीलच की," मी विचारलं.

सरांनी जाळी खाली ठेवली. कॉलेजचं पत्रक पिशवीत परत ठेवून वडिलांना म्हणाले, "हिला आमच्याकडे पाठवू नका. भौतिकशास्त्र करू द्या."

वडील बीडचे, भाबडे. त्यांनी कौतुकानं प्राचार्यांनाच फोन लावला. "तुमच्या सरांनी आमच्या पोरीला तुमच्याकडं नको, भौतिकशास्त्राला घाला म्हनून सांगितलं, तिचं कल्याण केलं बगा. असा मास्तर न्हाई बघितला." पुढच्या सत्रात सरांचा करार वाढवला नाही. त्या फोनचा वडिलांना अजून पस्तावा होतो. मला पस्तावा नाही, संताप होतो. शिकवायला मास्तर नको, गिऱ्हाईक आणायला दलाल हवा होता, तर दारावर पाटी तशी लावायची होती.

या पट्ट्यांवरच सरांची पीएचडी चालली होती. नोकरीमागोमाग तीही सुटली. दिघीत खोली घेऊन ते प्रवेशपरीक्षेचे क्लास घेऊ लागले. "इथं उत्तर लवकर यावं लागतं," ते एकदा म्हणाले. "का, हे विचारणाऱ्या पोराचे मार्क जातात." हे सांगताना ते हसले, मला हसू आलं नाही.

गेल्या वर्षी त्या पट्ट्यांवरचाच माझा पहिला शोधनिबंध छापून आला. सरांना फोन केला. ताण कुठल्या दिशेनं दिला, फट केवढी पडली, सगळं त्यांनी बारकाईनं विचारलं.

"पाठवते ना सर, वाचा तुम्ही."

"नको, बाळ. वाचलं की पुन्हा भूक लागते. आणि आता बॅचची वेळ झाली."