पाच गाड्यांचं बावखल

उमेळ्यात आमची इमारत उभी राहिली ती केळीच्या वाडीवर. वाडी गेली, पण तिचं बावखल, म्हणजे शिंपण्यासाठी खणलेलं छोटं तळं, बिल्डरच्या तावडीतून सुटून मागच्या आवारात राहिलं. वाडीचे मूळ मालक तळमजल्यावर राहतात. आम्ही त्यांना काका म्हणतो. रोज सकाळी तिथलं पाणी काढून ते काठच्या चार उरलेल्या केळी शिंपतात.

यंदा सेक्रेटरींनी सोसायटीच्या सभेची नोटीस लावली: बावखल बुजवून पार्किंग करणे. महिनाभर काकांचं हसणंच आटलं. सभेच्या आदल्या संध्याकाळी मला म्हणाले, "आजोबांनी हातांनी खणलंय रे. त्यात माती पडताना बघत बसू मी?"

मी हौशी नट. निसर्गावर झणझणीत भाषण बसवलं, हातवाऱ्यांसकट. पण सभेतले चेहरे पाहिले आणि भाषण खिशात घातलं. उभा राहिलो नि गरजलो, "माझा संपूर्ण पाठिंबा!"

काकांनी मान खाली घातली.

"फक्त एक. सकाळी टेप लावून बघितलं. तिथे पाच गाड्या मावतात. आपल्याकडे आहेत एकतीस. तेवढी पाच नावं आत्ताच ठरवू या." आणि मी अतिशय सज्जनपणे खाली बसलो.

"आम्ही पहिल्या दिवसापासून राहतोय!"

"गाडी कुठली हो तुमची? कव्हर काढलेलं कोणी पाहिलंय?"

"माझे गुडघे बघा आधी!"

"म्हणजे सेक्रेटरींची एक ठरलेलीच, नाही का?"

अर्ध्या तासाने तिसऱ्या मजल्यावरच्या मावशी कडाडल्या, "मला नाही ना? मग कोणालाच नको! राहू दे ते पाणी!" भराभर हात वर. सेक्रेटरींचाही.

जिन्यात काकांनी मला गाठलं. "आणि ठरली असती पाच नावं, तर?"

"काका, गणपतीच्या आरतीची वेळ तरी कधी ठरली आहे का आपली?"

महिन्याभरात पहिल्यांदा ते हसले, तेही जिना दणाणेल असं.

आता काठावर बाकं आली आहेत. चौथ्या मजल्यावरची मुलगी दुपारी तिथूनच लॅपटॉपवर ऑफिसचं काम करते. परवा तिच्या मागून काका केळीचा घड खांद्यावर टाकून चालले होते. पडद्यावरच्या साहेबांनी विचारलं, "सुट्टीवर आहेस का? कुठलं रिसॉर्ट?"

"नाही सर," ती ऐटीत म्हणाली, "घरीच आहे."