वेशीवरची फटफटी

सांतान फर्नांडिसला आमच्या गावात कुणी बरं म्हटलेलं मी ऐकलं नाही. बेळगावच्या लिलावातून मिलिटरीची जुनी फटफटी घेऊन तो आला, त्या दिवसापासून गावातल्या कोंबड्या अंडी घालेनाशा झाल्या, म्हशी आटल्या आणि कुणाला ताप आला तरी तो त्या धुरानेच. नावं ठेवायची म्हटली की आमच्या गावाचा उत्साह दांडगा.

त्याचा धंदा भाताच्या गिरण्यांची इंजिनं दुरुस्त करण्याचा. दोडामार्गापासून आंबोलीच्या पायथ्यापर्यंत, बैलगाडीही जिथे धड जात नाही, तिथे हा हत्यारांची पेटी मागे बांधून जायचा. पूल कुठले? नदीत उतरायचं, पाणी वर आलं की इंजिन बंद करून फटफटी ढकलायची, पलीकडे प्लग काढून पुसायचा आणि पुन्हा किक मारायची. चिखलाने माखून घरी आला की त्याची बायको इनासिया आधी फटफटी धुवायला लावी, मग जेवायला वाढी. दोघांचं छान चाललं होतं. तेही लोकांना खुपे.

एकोणसाठ सालच्या मार्गशीर्षात देवाने कौल दिला आणि गावपळण लागली. तीन रात्री गाव देवाला सोडायचा, आत माणूस राहायचा नाही. गुरं, कुत्री, कोंबड्यांसकट सगळे वेशीबाहेरच्या माळावर झोपड्या बांधून राहिले. ख्रिस्तांवांची घरंही पिढ्यान्‌पिढ्या आमच्याबरोबर बाहेर पडत. सांतान तर सगळ्यांच्या आधी बिऱ्हाड घेऊन आला होता. हे मात्र कुणी आठवणीत ठेवलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी इनासियाला अवेळी कळा सुरू झाल्या. सुईण म्हणाली, पोर आडवं आहे, मालवणला दवाखान्यात न्या. मालवणचा रस्ता गावामधून. सांतानने तिला मागे बसवलं, लुगड्याने आपल्या कमरेशी बांधलं आणि फटफटी वेशीवर आणली. तिथे माझे सासरे, गावचे मानकरी हरिश्चंद्र गावकर, काठीवाले गडी घेऊन उभे होते.

“गावकरांनू, वाट सोडा. बायल मराक टेकली हा.”

“देवान गाव खाली करूक सांगल्यान. आता देवाक इचारल्याशिवाय कोणी भितर जावचा नाय.”

“मगे इचारा देवाक!”

“इचारूक देवळात जावचा लागता.”

“मगे जावा!”

“गाव खाली आसताना देवळात कसा जातलंय रे? याड लागला तुका?”

मी मागे पदर घेऊन उभी होते. सासऱ्यांचा मला तेव्हा जो संताप आला, तो त्यांच्या तेराव्यालाही उतरला नव्हता. कुणीतरी दगड मारला, फटफटीचा दिवा फुटला. सांतानने हँडल वळवलं आणि डोंगराची वाट धरली.

पुढचं मला इनासियाने सांगितलं. सड्यावरच्या खडकातून गाडी उडत होती आणि प्रत्येक धक्क्याला ती त्याच्या खांद्याला चावत होती. वरच्या अंगाला नदीत पाणी छातीभर. त्याने तिला उचलून पलीकडे नेऊन वाळूत ठेवलं आणि परत येऊन फटफटी ओढून नेली. इंजिनात पाणी शिरलेलं. तो प्लग पुसत होता, किक मारत होता, शिव्या देत होता, देवाला हाका मारत होता. दुपार उलटल्यावर इंजिन धरलं. मालवणला पोचेपर्यंत संध्याकाळ झाली. इनासिया वाचली. मुलगी गेली. डॉक्टर म्हणाले, सकाळी आणली असती तर दोघी वाचल्या असत्या.

गाव म्हणाला, देवाने दाखवलं. सासरे तर ओसरीवर बसून चार माणसांत सांगत. सांतान त्या ओसरीवरून खाली मान घालून गिरण्यांच्या कामाला जात राहिला. लोकांना वाटलं, नरमला.

तीन वर्षांनी पुन्हा गावपळण लागली. आम्ही माळावर चुली मांडतो न मांडतो, तोच गावातून धूर वर आला. सांतानच्याच घरातून. सासरे काठी घेऊन वेशीवर धावले, मागोमाग अख्खा गाव.

“गो इनासिया! भायर ये! गावाक खातलंस तू!”

ती सावकाश चालत आली आणि वेशीच्या आत, हाताच्या अंतरावर उभी राहिली. मागे सांतान.

“मी नाय येणंय,” ती म्हणाली. “तुमी येवा भितर. माका धरून भायर काडा.”

कुणी हललं नाही. सासऱ्यांचा एक पाय उचलला गेला आणि होता तिथेच परत टेकला. इनासियाने प्रत्येकाच्या तोंडाकडे नीट पाहून घेतलं आणि घरी जाऊन भात वैरला. मग तीन दिवस त्या रिकाम्या गावातून सांतानची फटफटी फिरत राहिली, आमच्या दारावरून, सासऱ्यांच्या ओसरीवरून, थेट मालवणच्या रस्त्यापर्यंत आणि परत. सगळा गाव माळावर माना खाली घालून ऐकत होता. मला बरं वाटलं. फार बरं वाटलं.