न बदलणाऱ्या हवेच्या गावी

बाळांनो, ही तुमच्या आईच्या लग्नाआधीची गोष्ट. बंगळूरच्या एका कॉलेजात हवामानातल्या दीर्घ मुदतीच्या बदलांवर संशोधन करणारा अध्यापक हवा होता. पुण्यात शिकवण्या घेऊन ती कंटाळली होती. ही नोकरी तिला हवीच होती. मुलाखतीचं बोलावणं येताच मी सोबत निघाले.

ऐन उन्हाळ्यात बंगळूरच्या फलाटावर पहाटे शाल गुंडाळावी लागली. उतरलो चामराजपेटेत, ओळखीच्या राधाक्कांकडे. त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या तिथलं. न्याहारीला उप्पिट्टु (आपला सांजा) होता.

"स्वल्प (थोडं) आणखी घे गं, उपाशीपोटी आवाज फुटत नाही," असं म्हणत त्यांनी तुमच्या आईचं ताट भरलं.

"पंखा नाही का घरात?" मी विचारलं.

"पंखा? वहिनी, आमच्या हवेचा तो अपमान हो!"

कॉलेजकडे जाताना जटकावाल्याने (टांगेवाल्याने) चाबकाने एक मोकळी जागा दाखवली. "पहले केरे (तळं) था, अम्मा. अब साहब लोगां के घरां बनते." एक बंगला तर छपरासकट उभाही राहिला होता. तुमची आई जटका थांबवून उतरली आणि पोटरीपर्यंत चिखलात रुतली. पाय निघाला, चप्पल राहिली. जटका मागे वळवून आम्ही राधाक्कांच्या घरून माझ्या जादा चपला आणल्या आणि त्या घालून ती मुलाखतीला गेली. त्या तिला मोठ्या होत होत्या.

थोड्या वेळाने शिपाई मलाही आत घेऊन गेला. जरीचा पेटा (पगडी) बांधलेले अध्यक्ष, दोन सदस्य आणि मधे म्हैसूरपाकाची बशी. मुलगी पाहायला आल्यासारखी मंडळी बसली होती.

"हिच्या लग्नाचं काय ठरवलंय?" अध्यक्षांनी मला विचारलं.

"जागा माझ्या जावयासाठी आहे का?" मी स्वच्छ इंग्रजीत विचारलं. एका सदस्याला ठसका लागला.

अध्यक्ष तिच्याकडे वळले. "आमची हवा देशात उत्तम. ती बदलेल असं तुम्हाला वाटतं?"

"तळी बुजवलीत तर बदलेल, सर. आजच इथे येताना वाटेत एक पाहिलं. तिथला गारवा जाईल, आणि मोठा पाऊस झाला की पाणी आपल्या जागेवर परत येईल. तिथे घर बांधणाऱ्याची कीव आली मला."

अध्यक्षांनी कॉफीचा पेला खाली ठेवला. "सरी (बरं). कळवू."

बाहेर दाराशी उभं राहून सगळं ऐकणारे बेळगावकडचे कारकून कुजबुजले, "अक्का, पोरीनं घात केला बघा! त्या तळ्यातला बंगला अध्यक्षांचाच हाय. वास्तुशांतीचं आवतण कालच मिळालंय आमाला."

संध्याकाळी निवड जाहीर झाली. इथली हवा कधीही बदलणार नाही, असं छातीठोकपणे सांगणाऱ्या दुसऱ्या उमेदवाराला जागा मिळाली. बदलांच्या अभ्यासासाठी इतका योग्य माणूस हुडकायला समितीने नक्कीच फार कष्ट घेतले असणार.

परतीच्या गाडीत मी तिला बोलले. "निदान ती कीव तरी गिळायची होतीस."

"आई, माझी चप्पल अजून त्या चिखलात आहे. जमीन कोरडी आहे असं कशी म्हणू?"

पुण्यात पोहोचताच तिने परदेशी विद्यापीठांना अर्ज धाडले. एकाने बोलावलं. तिथे तिच्या लग्नाची चौकशी कुणी केली नाही. ते तिने तिथेच, आपल्या सवडीने केलं.

म्हणून तुम्ही बर्फात वाढता आणि मी मेतकूट पार्सलने पाठवते. तुमची आजी इतकी लांब का, असं कुणी विचारलं, तर एका गृहस्थांना तळ्यात घर हवं होतं म्हणून, असं सांगा.