चेहऱ्यावर पांघरलेली माती

तळ्याकाठच्या आमच्या सान होसे गावात धक्क्यावर धुणं धुताना बायका म्हणायच्या, तेओदोसिओ चायाशनं म्हातारपणी रानात दुसरी बाई ठेवलीय. निकानोरा मावशी, म्हणजे त्याचीच बायको, तिथंच गुडघाभर पाण्यात उभी असायची. ती कपडा पिळत शांतपणे म्हणायची, "ठेवू दे की. चुन्याची आहे म्हणे. खायला तरी घालावं लागत नाही."

मावशीचा नवरा म्हणून तेओदोसिओ माझे काका. त्यांना मूलबाळ नव्हतं, आणि आमचं घर त्यांच्या घराला लागून, त्यामुळं मी अर्धी त्यांच्याच चुलीपाशी वाढले. काका मोठे संथ माणूस. बोलताना मध्येच थांबायचे आणि तळ्याकडं बघत राहायचे. समोरच्याला वाटायचं, वाक्य संपलं. मग बऱ्याच वेळानं उरलेलं वाक्य यायचं.

तरुणपणी ते चीक काढायला जायचे. पावसाळा लागला की गावातले पुरुष रानात शिरत, चिकूच्या उंच झाडांवर दोरानं चढत आणि सालीवर कोयत्यानं तिरप्या रेघा मारत. पांढरा चीक त्या रेघांतून पाझरत खालच्या पिशवीत उतरायचा. तो शिजवून त्याच्या विटा करायच्या आणि खेचरांवर लादायच्या. तिकडं परदेशात माणसं तो चीक चघळतात आणि गिळत नाहीत, याचं काकांना शेवटपर्यंत नवल वाटायचं. त्या दिवसांत त्यांचा मुक्काम ला गोतेराला असे. कपारीतून थेंब थेंब पाणी गळतं म्हणून चीकवाल्यांनीच ते नाव ठेवलेलं. भोवती झाडांनी झाकलेल्या टेकड्या. त्या कुणी बांधल्या हे काकांनी कधी विचारलं नाही. टेकडीवर वारा लागतो आणि डास कमी असतात, एवढं त्यांना पुरे होतं.

पुढं चिकाचा धंदा बसला. त्याच टेकड्या खणायला राजधानीतून इरेने लोबोस नावाच्या डॉक्टरबाई आल्या. औषधाच्या नव्हे, जुन्या दगडांच्या. त्यांनी गावातली माणसं कामाला घेतली. काकांना भुयार खणायला दिलं आणि मला चूल.

भुयार म्हणजे टेकडीच्या पोटात शिरणारी वाट, जेमतेम वाकून चालता येईल एवढी. जुन्या लोकांची रीत अशी, की देऊळ जुनं झालं की ते पाडायचं नाही, त्याच्यावरच नवं चढवायचं. त्यामुळं टेकडीत देवळाच्या आत देऊळ असतं, त्याच्या आत आणखी एक. आतला उबारा श्वासासारखा ओलसर. बाहेर माकडं गरजत असली तरी आत ते पाण्याखालून आल्यासारखं ऐकू यायचं. काका म्हणत, तिथं काम करताना आपण जागे आहोत की नाही हे मधूनमधून तपासावं लागतं.

एका सकाळी ते बाहेर आले आणि माझ्या चुलीपाशी बसले. पापण्यांवर पांढरी धूळ. मी पाणी दिलं. वाटी तशीच हातात.

"सेबिया," ते म्हणाले, "आत कुणीतरी आहे."

मला वाटलं, साप असेल. मी म्हटलं, "मारला का?"

काकांनी माझ्याकडं बघितलं. म्हणाले, "गाल आहे. एवढाच दिसला. गाल."

गालापासून पूर्ण चेहऱ्यापर्यंत यायला दोन हंगाम गेले. डॉक्टरबाई आणि काका लाकडी काड्यांनी आणि मऊ कुंचल्यांनी माती काढत बसायचे. चेहरा दारापेक्षा मोठा, चुन्याच्या लेपाचा. डोळे अर्धे मिटलेले, ओठ किंचित उघडे, आणि ओठांवर अजून लाल रंग. बाई म्हणाल्या, हा मक्याचा देव आहे, तरुण वयातला. काकांनी मान डोलावली, पण घरी आल्यावर ते त्याला 'ती'च म्हणत. गावात आवई उठली ती त्यातून.

मावशीला हे खणणंच मुळात पसंत नव्हतं. सुटीत काका घरी आले की ती भाकऱ्या थापता थापता सुरू करायची.

"कशी आहे तुझी ती?"

"बरी आहे."

"बोलते काही?"

"नाही. बोलायच्या बेतात असल्यासारखी दिसते फक्त."

"मग माझ्यापेक्षा बरीच म्हणायची." थोडा वेळ भाकरीचा थपथप आवाज. "निजलेल्याला उठवू नये, तेओ. आपल्या आयांनी तेवढं तरी शिकवलं होतं."

 आयांनी काय शिकवलं हा विषय त्या घरात निघाला की तिथंच संपायचा. दोघांच्याही आया माया लोकांची जुनी बोली बोलायच्या. ही दोघं शाळेत गेली तेव्हा एक मास्तर होता. तोंडातून त्या बोलीचा शब्द निघाला की मक्याच्या दाण्यांवर गुडघे टेकायला लावायचा. त्यानंतर त्यांनी ती बोली जी टाकली ती टाकलीच. लग्न, संसार, भांडणं सगळं स्पॅनिशमध्ये. मावशीच्या गुडघ्यांवर बारीक वण होते. मी लहानपणी विचारलं तर म्हणायची, चुलीनं भाजलं.

तिसऱ्या हंगामात चेहरा घामेजू लागला. आमच्या श्वासानं, वटवाघळांनी, दारातून येणाऱ्या दमट हवेनं त्याच्या कपाळावर पांढरं काहीतरी फुलू लागलं. हनुवटीचा लेप बोटाएवढा सुटून खाली पडला. बाई त्या दिवशी जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी काकांना झाडाखाली बसवलं.

"तेओदोसिओ, आपल्याला ते बुजवावं लागेल."

काकांनी टेकडीकडं पाहिलं. मग म्हणाले, "भुयार?"

"सगळंच. चेहऱ्यासकट. मापं झाली, चित्रं झाली, फोटो झाले. आता तो हवेत राहिला तर आपल्या डोळ्यांदेखत जाईल."

"आत्ता तर काढला, बाई."

"माहीत आहे." बाईंनी बोटांवरचा चुना पुसला. "तुम्ही काढलात तेव्हा त्याच्या अंगालगतची माती कशी होती, आठवतं?"

"मऊ. पिठासारखी."

"जुन्या लोकांनी वरचं देऊळ बांधण्याआधी ती चाळून घातली होती. लेपाला खडा लागू नये म्हणून. त्यांनीही त्याला पुरताना जपलंच होतं. आपण तेवढंच करायचं."

पुढच्या पहाटे निघून काका मला घेऊन गावात आले. चालत यायला अख्खा दिवस जायचा. मावशी अंगणात मका सोलत होती. काका समोर बसले, त्यांनीही एक कणीस घेतलं.

"पुरायचीय," ते म्हणाले.

मावशीचे हात थांबले. ती टोमणा मारेल असं मला वाटलं. तिनं त्यांच्या तोंडाकडं पाहिलं आणि विचारलं, "माती कोण चाळणार?"

"आम्हीच. पुरुष."

"तुम्ही पुरुष," मावशी म्हणाली, "तुम्हाला पीठ चाळता येत नाही."

ती आली. आयुष्यात पहिल्यांदा ला गोतेराला आली, दोन शेजारणींना घेऊन, खेचरावर चाळण्या बांधून. तळ्याकाठची पांढरी माती पोत्यांतून आणली होती. बायका पडवीत बसून ती चाळायच्या, आणि त्यांच्या केसांवर, भुवयांवर हळूहळू तीच पांढरी धूळ उतरायची. ढग झाडांत अडकलेले असायचे. कुणी फारसं बोलत नव्हतं. टूकान पक्षी यायचे आणि मान वाकडी करून बघायचे. मला ते दिवस आठवतात ते आवाजाशिवायच, जणू कुणीतरी सगळ्या रानाला हळू बोला म्हणून सांगितलं होतं.

शेवटच्या दिवशी बाईंनी मावशीला विचारलं, "निकानोराबाई, बघणार?"

मावशीनं हात धुतले, वेणी सावरली, आणि काकांच्या मागून भुयारात शिरली. पोतं घेऊन मी तिच्या मागं. काकांनी दिवा बाजूला धरला, तसा तो चेहरा अंधारातून वर आला, तळ्यात मासा वर येतो तसा. ओठांचा लाल रंग ओला वाटत होता. मावशी उभी राहिली. तिचा श्वास मला ऐकू येत होता, आणि तिनं तो आवरलेलाही कळला, कारण श्वासानं लेप खराब होतो हे काकांनी तिला सांगितलेलं.

मग काकांनी आणि मी माती भरायला सुरुवात केली. आधी हनुवटीपाशी, हातानं, हळूहळू. माती गालापर्यंत आली. डोळ्यांपाशी येताना काकांचा हात थांबला. ओंजळ तशीच धरून ते उभे राहिले, वाक्याच्या मध्ये थांबायचे तसे, पण आता पुढचं काही येईना.

मावशी पुढं झाली. तिनं स्वतःच्या ओंजळीत माती घेतली, त्या अर्धवट मिटलेल्या डोळ्यांवर सोडली आणि म्हणाली, "वेनेन."

नीज. माझी आजी मला तसंच निजवायची, म्हणून तो शब्द मला कळला. त्याच्यापुढं मावशी जे बोलली त्यातलं मला काहीच कळलं नाही. बरंच बोलली. आवाज तिचाच, पण कितीतरी तरुण. तान्ह्या बाळाशी आई बोलते तशी लय, मध्ये थोडं रागावणं, पुन्हा समजूत. बोलता बोलता माती टाकत होती. काका भिंतीला टेकून ऐकत होते. कपाळ दिसेनासं झालं तेव्हा ती थांबली आणि स्पॅनिशमध्ये म्हणाली, "आता दगड लावा. मला बाहेर जायचंय. पाठ धरलीय."

परतीच्या वाटेवर मावशी खेचरावर आणि काका लगाम धरून पुढं. सूर्य कलला होता. मी मागून चालत होते.

मावशी म्हणाली, "तू हसला नाहीस."

"कशाला हसू?"

"विसरली असेन असं वाटलं होतं. शब्द आपोआप येत गेले."

काकांनी खेचराला वाटेतल्या मुळावरून पलीकडं नेलं. मग म्हणाले, "तू माझ्या स्वप्नात येतेस ना, तेव्हा नेहमी त्याच बोलीत बोलतेस. इतकी वर्षं."

"आणि मला कधी सांगितलं नाहीस."

"तुला गुडघे आठवले असते."

मावशीनं त्यावर त्याच बोलीत काहीतरी म्हटलं. काकांनी उत्तर दिलं. अडखळत, पण दिलं. मी मुद्दाम मागं राहिले.

त्यानंतर त्यांच्या घरात हळूहळू ती बोली परत आली. आधी मीठ, पाणी, कोंबडी असे सुटे शब्द. मग भांडणं. भांडणं तर फारच छान जमायला लागली. ऐकून शेजारचे म्हातारेही कुंपणापाशी येऊन उभे राहायचे आणि एखादा शब्द सुधारून जायचे. मावशी त्यांना म्हणायची, "इतके दिवस कुठं होता हो तुम्ही?" मीही शिकले, मोडकंतोडकं. माझे उच्चार ऐकून मावशी डोळे पुसत हसायची.

काका पुन्हा भुयारात उतरले नाहीत. बाईंनी पुढच्या टेकडीसाठी निरोप पाठवला तेव्हा त्यांनी मला सांगायला लावलं, की मक्याची राखण करायचीय, पोपट फार झालेत. ते खरंही होतं. दिवसभर ते शेताच्या कडेला झाडांना बांधलेल्या झोळीत पडून असायचे आणि पोपट मजेत कणसं खायचे. मी एकदा विचारलं, "काका, तिची आठवण येते?"

ते तळ्याकडं बघत राहिले. मला वाटलं, बोलणं संपलं. मी भांडी आवरून निघाले, पार फाटकापाशी पोचले, तेव्हा मागून आवाज आला, "छान निजलीय. आठवण कशाला?"

काही वर्षांनी, कोरड्या दिवसांत, तळ्याचं पाणी खूप मागं हटलेलं असताना, दुपारच्या जेवणानंतर काका गेले. बाई राजधानीतून आल्या, मावशीचे हात हातात घेऊन बसल्या. मावशी त्यांच्याशी बोलताना चुकून माया बोलीतच बोलत राहिली, आणि बाई, ज्यांना त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं, मान हलवत ऐकत राहिल्या. मी कॉफी घेऊन आले तेव्हा संध्याकाळ झाली होती आणि दोघींचं बोलणं अजून चालूच होतं.