साहेब हरेपर्यंत चहा बंद

जिंकलेल्या मॅचची गोष्ट एका दमात सांगून होते. हरलेली मॅच मात्र संपत नाही, कारण ती कुणामुळे हरली हे ठरायचं असतं! आमच्या हिंदुस्थानच्या टीमनं असे विषय इतके पुरवले, की निपाणीच्या मोटार-स्टँडवर रायाप्पाच्या हॉटेलात आमची बैठक पंधरा वर्षं चालली आणि बोलायला एकदाही काही कमी पडलं नाही.

बैठकीत आम्ही चौघे. मराठी शाळेचे मास्तर पेपर वाचून दाखवायचे. इस्माईल कोल्हापूरची सर्व्हिस मोटार चालवायचा. पेपर त्याच्याच गाडीतून यायचा. नेमाण्णा तंबाखूच्या वखारीत माल पारखायचा. पोत्यात हात घालून मूठ नाकाशी धरली की भाव सांगायचा. मी त्याच वखारीत पोती शिवायचो. माझी शाळा तिसरीतच सुटली. मी बोलायचो कमी, म्हणून भांडताना सगळे माझ्याकडं बघून भांडायचे.

चौघांपैकी एकानंही मोठी मॅच डोळ्यांनी पाहिलेली नव्हती. पण कुणाला काढायचं आणि कुणाला घ्यायचं, हे आम्हाला पक्कं ठाऊक होतं!

* * *

हिंदुस्थानची टीम विलायतेत साहेबाशी पहिली खरी मॅच खेळली, त्या वर्षीची गोष्ट. वेदगंगेला पूर येऊन कोल्हापूरचा रस्ता बंद पडला होता. पाणी उतरल्यावर इस्माईल आला, तो पेपरचं एक भिजकं पान घेऊन. रायाप्पाच्या चुलीवर ते शेकून मास्तरांनी वाचलं. पहिल्याच सकाळी, वीस धावा व्हायच्या आत, साहेबाचे तीन गडी गारद!

हॉटेलात नुसता आरडाओरडा. नेमाण्णा चहाचा भारी शौकीन. हातातला कप त्यानं खाली ठेवला आणि म्हणाला, "आता हिंदुस्थानानं साहेबाला हरवल्याशिवाय चहाला तोंड लावणार न्हाई!"

"बोलाया काय जातंय?" इस्माईल म्हणाला.

"नुस्तं बोलत न्हाई. चल बस्तीत!"

जैनांच्या देवळाला आमच्याकडं बस्ती म्हणतात. तिथं उपाध्यांना साक्षी ठेवून, देवापुढं हात जोडून त्यानं नियम घेतला. जैन माणसानं असा घेतलेला नियम म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. पण नेमाण्णाला काळजी नव्हती. एक-दोन दिवस चहा नाही, आणि मग जन्मभर सांगायला गोष्ट!

दुसऱ्या दिवशी अडकलेले सगळे पेपर एकदम आले. मास्तर वाचत गेले, तसा त्यांचा आवाज उतरत गेला. शेवटी त्यांनी चष्मा काढला.

"नेमाण्णा, तू नियम घेतलास तेव्हा मॅच हरून झाली होती रे!"

* * *

नेमाण्णाच्या बायकोला आम्ही चंपाक्का म्हणायचो. माहेर चिकोडीचं. सकाळी दोघं चुलीपुढं बसून चहा प्यायची. दिवसभरात तेवढाच वेळ ती एकमेकांशी निवांत बोलायची. नियमाचं ऐकून तिनं कपाळाला हात लावला.

"चहा सोडलासा ते सोडलासा. पण असल्या बॅटिंगच्या भरवशावर?"

दुसऱ्या दिवशी तिनं चहाचं आधणच ठेवलं नाही. नेमाण्णा म्हणाला, "तू पी की गं. नियम माझा हाय."

"नियम तुमचा आन् घोट माझा? घशाखाली उतरंल व्हय?"

त्या दिवशी चहाचा डबा फळीवर गेला. दोघांचा चहा आता अकरा माणसांच्या हातात होता. आणि ते हात कसे आहेत, हे मास्तर आम्हाला वाचून दाखवतच होते.

* * *

पुढं साहेबाची टीम आपल्याकडं खेळायला आली. पहिली मॅच आपण हरलो. दुसरी बरोबरीत सुटली. इस्माईलच्या डोक्यात शक्कल आली.

"हरलो न्हाय म्हंजे अर्धं जिंकलो. मग अर्धा कप चालंल की!"

बुडत्याला काडी. नेमाण्णाला घेऊन आम्ही उपाध्यांकडं गेलो. उपाध्यांना क्रिकेटचं काही ठाऊक नव्हतं. मास्तरांनी समजावलं, की दोन्ही बाजू चार दिवस खेळल्या, पण कुणी जिंकलं नाही आणि कुणी हरलं नाही.

उपाध्यांनी डोळे मिटले. "चार दिवस उन्हात उभी हुती?"

"हो."

"जिंकल्याचा गर्व न्हाई, हरल्याचं दुःख न्हाई?"

"तसंच म्हणायचं."

"आहाहा! ही तर तपश्चर्या झाली! आन् तुमी चहाचं काय इचारतायसा? उपास करा, उपास!"

नेमाण्णानं त्या दिवशी उपास केला!

* * *

रायाप्पा कानडी माणूस, पण माया मोठी. नेमाण्णा रोज हॉटेलात येतो आणि नुसतं गरम पाणी पिऊन जातो, हे त्याला बघवेना. एक दिवस त्यानं वाफाळता कप आणून पुढं ठेवला.

"अण्णा, कुडीरी. प्या. दूध हाय, गूळ हाय, वेलदोडा हाय. पत्ती तेवढी न्हाई. नियम कुठं मोडतोय?"

आम्ही सगळे बघत बसलो. नेमाण्णानं बशीत ओतून एक भुरका मारला. बराच वेळ तोंडात घोळवला. मग बशी खाली ठेवली.

"रायाप्पा, ही आपली टीमच की रं! दूध हाय, गूळ हाय, कपबशी तर लई झ्याक. पत्ती तेवढी न्हाई!"

* * *

त्या काळी कप्तान व्हायला बॅटआधी गादी लागायची. एका वर्षी टीम निघाली तेव्हा मास्तरांनी पेपर खाली ठेवून सांगितलं, "राजघराण्यातलाच माणूस पाहिजे म्हणे. विलायतेत साहेबांबरोबर जेवायला बसावं लागतं."

"जेवाया आमी कोणबी बसतो की!" इस्माईल म्हणाला. "खेळाया कोण हाय ते सांगा!"

मग मास्तरांनी टीमची सगळी नावं वाचली. नेमाण्णा ऐकत होता. प्रत्येक नावाला त्याची मान खाली खाली.

"निवड करणाऱ्यांना वखारीत धाडा माझ्याकडं," तो म्हणाला. "लबाडातला लबाड शेतकरी असंना, चांगला माल पोत्याच्या तोंडाशी ठेवतोय आन् माती तळाला घालतोय. ह्यांनी माती तोंडाशीच ठेवलीया!"

* * *

पेपर उशिरा यायचा, म्हणून आमच्या हॉटेलातली मॅच विलायतेच्या दोन दिवस मागं चालायची. एकदा दुसऱ्या डावात तिसऱ्या नंबरला कुणाला धाडायचं, यावर आमच्यात जुंपली. मास्तर एका मुंबईकराच्या बाजूनं, नेमाण्णा एका पंजाब्याच्या बाजूनं. दुपार गेली, उन्हं उतरली. चहा पिऊन पिऊन मास्तर आणि गरम पाणी पिऊन पिऊन नेमाण्णा, दोघांचेही घसे बसले. शेवटी मास्तरांनी हात टेकले आणि पंजाब्याला पाठवायचं ठरलं.

इस्माईल मोटार लावून कधीचा आमच्या पाठीमागं उभा होता.

"ठरलं का पक्कं?"

"पक्कं!"

त्यानं काखेतला नवा पेपर पुढं केला. मास्तरांनी वाचला. पंजाबी पहिल्याच बॉलला आउट!

नेमाण्णानं डोकं धरलं. "मास्तर, तुमचंच ऐकाया पायजे हुतं. आमी धाडलंच कशाला त्येला!"

जैन माणूस दिवस मावळल्यावर जेवत नाही. त्या दिवशी पश्चात्ताप करता करता दिवस मावळून गेला, आणि नेमाण्णा उपाशी झोपला.

* * *

मग लढाई लागली. विलायतेच्या मॅचा बंद पडल्या. म्हणजे आता हरायचीसुद्धा सोय राहिली नाही! पेपर उघडला की तोफा, बोटी, बुडालेली माणसं. साखर मिळेना, चहाची पत्ती मिळेना. रायाप्पा चहाच्या नावानं काहीतरी काळं पाणी द्यायचा आणि गिऱ्हाइकं त्याच्यावर ओरडायची.

"आता सगळ्या गावाला माझा नियम लागला," नेमाण्णा म्हणायचा, पण हसायचा नाही. एकदा म्हणाला, "हरू दे वो. पण खेळू तरी दे!"

* * *

लढाई संपली आणि टीम पुन्हा विलायतेला गेली. तोवर चंपाक्का फार थकली होती. छातीत कफ धरलेला, रात्ररात्र खोकला. अन्नावर वासना राहिली नव्हती. नेमाण्णा विचारायचा, "काय खावंसं वाटतंय?" ती मान हलवायची.

एक दिवस नेमाण्णानं दिलेली भाजी पोचवायला मी वखारीतून त्याच्या घरी गेलो होतो. तो वखारीतच होता. मीही तेच विचारलं. तेव्हा भिंतीकडं तोंड करून ती म्हणाली, "ह्यांच्यासंगट बसून एक कप. दुसरं काय न्हाई बघा."

मी तिचं पांघरूण नीट केलं आणि आलो.

त्या वर्षी आम्ही पेपर पहिल्यासारखा वाचत नव्हतो. आधी निकाल बघायचो. पहिली मॅच हरली. दुसरीत शेवटची जोडी कशीबशी तग धरून राहिली आणि आपण वाचलो. मास्तरांना राहवेना. ते तसेच धावत नेमाण्णाच्या घरी. मागोमाग आम्ही.

"वहिनी, वाचलो! आपण हरलो नाही!"

चंपाक्काला खोकल्याची उबळ आली. ती थांबल्यावर म्हणाली, "मास्तर, चौदा वरसं झाली. हरलो न्हाई म्हणून नाचतायसा. जिंकल्यावर काय करणार हाईसा?"

मास्तरांनी हातातल्या पेपरची घडी घातली.

तिसरी मॅच पावसानं धुऊन नेली.

* * *

आता शेवटची गोष्ट सांगतो.

स्वातंत्र्याच्या दिवशी सकाळी स्टँडवर झेंडा चढला. इस्माईलनं मोटारीच्या नाकावर तिरंगा बांधला होता. रायाप्पा येईल त्याला फुकट चहा देत होता. उपाध्येही आले होते. नेमाण्णा आपलं गरम पाणी घेऊन सगळ्यांच्यात उभा होता. त्याच्याकडं बघता बघता मास्तर एकदम ओरडले.

"नेमाण्णा! तुझ्या नियमाचे शब्द काय होते?"

"हिंदुस्थानानं साहेबाला हरवल्याशिवाय चहाला तोंड लावणार न्हाई."

"क्रिकेटमध्ये, असं म्हणाला होतास?"

नेमाण्णानं डोकं खाजवलं. मास्तरांनी उपाध्यांकडं पाहिलं. उपाध्ये म्हणाले, "मी साक्षीला हुतो. क्रिकेटचा शब्द न्हवता."

"मग झालं तर! साहेब चालला की बोटीत बसून!"

स्टँडवर असा काही गलका झाला की विचारू नका. रायाप्पानं पत्तीची पुडी बांधून माझ्या हातात दिली. आम्ही नेमाण्णाला जवळजवळ उचलूनच घरी नेलं. इस्माईल पुढं धावत गेला होता. "आक्का, उठा! आधण ठिवा! साहेब हरला!"

चंपाक्का उठली. किती दिवसांनी ती चुलीपुढं बसली होती! तिनं फुंकणीनं जाळ केला. खोकला आला तर तोंडाला पदर लावून दाबला. आधण ठेवलं. दोन कप धुतले, पुसले, शेजारी शेजारी मांडले. आम्ही सगळे दारात गर्दी करून उभे. नेमाण्णा तिच्यासमोर पाटावर बसला. पाण्याला उकळी फुटली. चंपाक्कानं पुडीचा दोरा सोडला.

"थांब," नेमाण्णा म्हणाला.

"आता काय रे?" मास्तर कळवळले.

"साहेब हरला कुठं?"

"अरे, इतकी माणसं तुरुंगात गेली, गोळ्या खाल्ल्या, ते काय उगाच?"

"उगाच कसं? बॉलिंग लई चांगली झाली, मास्तर. त्येला सोसली न्हाई. पर आउट झाला न्हाई त्यो." नेमाण्णा उकळत्या पाण्याकडं बघत होता. "त्येनं डिक्लेअर केलं."

"डिक्लेअर म्हंजे वो?" चंपाक्कानं विचारलं.

मास्तरांनी खालच्या आवाजात सांगितलं, "गडी शिल्लक असताना, आता पुरे, म्हणून आपणहून डाव सोडायचा."

"मग? आता?"

"आता बॅटिंग आपली," नेमाण्णा म्हणाला.

चंपाक्कानं आमच्या एकेकाच्या तोंडाकडं पाहिलं. मग पुडीचा दोरा पुन्हा बांधला आणि पदरानं धरून आधण खाली उतरवलं.