मामाचं शहर दाखवणं

माझा मामा शहर दाखवतो तेव्हा पाहुण्याला काही दिसत नाही. दीपगृहापाशी मी सायकल भिंतीला टेकवून वर मान केली, तोच तो म्हणाला, "बघितलंस ना? चल." मासळी बाजारात तर उतरूच दिलं नाही. "वास आला ना? मग झालं." गोदीवर मी पाण्याची बाटली उघडली आणि हा पठ्ठ्या पुढच्या वळणावर पोचलाही होता.

मामाच्या पायाला भिंगरी आहे असं आई म्हणते. पण ती लागली निवृत्तीनंतर. त्याआधी सगळी उमर त्याने एकाच टेकडीवर काढली. समुद्रापासून टेकडीच्या माथ्यापर्यंत रुळांवरची गाडी आहे, गावात तिला तारगाडी म्हणतात. जाड तारेच्या दोन टोकांना दोन डबे. एक वर चढतो तेव्हा दुसरा खाली येतो. एका डब्यावर चालक मामा, दुसऱ्यावर मामी. लग्न तिथेच जमलं आणि संसारही बराचसा तिथेच झाला, हा वर तर ती खाली. बरोब्बर मध्यावर रूळ फुटतात आणि डबे एकमेकांना ओलांडतात. तिथे मामा घंटा वाजवायचा, मामी टोपीला हात लावायची. सकाळचं भांडण दुपारपर्यंत मिटायचं, कारण डबे ओलांडतात तेवढ्या वेळात धड रागावताही येत नाही.

गेल्या वर्षी मामा निवृत्त झाला. मामीची अजून दोन वर्षं आहेत. मामाच्या डब्यावर नवा चालक आला आणि मामाने सायकल घेतली.

गेल्या आठवड्यात मामीचा फोन आला. "घेऊन जा गं बाई यांना. सारखे येऊन मध्यावर रुळांच्या कुंपणाला उभे राहतात आणि सायकलची घंटी वाजवतात. लोक हसतात, साहेबांनीही बोलून दाखवलं. घरी असले की घासलेली भांडी पुन्हा घासतात. चार महिने राहू देत तुझ्या आईकडे. मला जरा श्वास घेऊ दे." आईला दुकानात माणूस हवाच होता. मामाला सांगायचं काम मात्र माझ्या गळ्यात पडलं. असली कामं मला अजिबात आवडत नाहीत, आणि सायकलवर चढ तर त्याहून नाहीत.

सकाळपासून मी संधी शोधत होते. "मामा, जरा बोलायचंय," म्हटलं की तो म्हणायचा, "वर गेल्यावर." वर गेलं की, "उतारावर बोलू नये, ब्रेक सांभाळ." दीपगृह एका टोकाला, गोदी दुसऱ्या, तरी आमची वाट दर वेळी मध्यावरच्या कुंपणाशीच निघायची. मामीचा डबा यायचा. मामा घंटी वाजवायचा. मामी नाकासमोर बघत निघून जायची. पलीकडच्या डब्यातला नवा चालक मात्र तिला हात करायचा.

"हात कशाला करतो हा?" मामा धुसफुसला. "लक्ष गाडीवर पाहिजे."

पुन्हा तेच कुंपण आलं तेव्हा माझ्या तोंडाला फेस आला होता आणि डोकंही फिरलं होतं. मी सगळं एका दमात सांगून टाकलं. आई बोलावतेय, चार महिने, दुकान, मी न्यायलाच आलेय.

मामाने कुंपणाची जाळी धरून ठेवली. "हिनेच सांगितलं ना?"

मी सायकलचा ब्रेक उगाच दाबून बघितला. त्यातच उत्तर होतं.

"कधीची गाडी आहे?"

"उद्या सकाळची."

"मग बॅग भरायला हवी," म्हणून तो उतारावर निघूनही गेला. मामीच्या डब्याचीही वाट पाहिली नाही. माझं काम फत्ते झालं होतं आणि मला रडू येत होतं.

मामीला कळवायचं होतं, पण पुन्हा चढ चढायचं बळ नव्हतं. खालच्या स्थानकावर जाऊन मी सायकल मामीच्या डब्यात मागे ठेवली. चालू गाडीत चालकाशी बोलायला बंदी आहे. निघायची घंटा झालीच होती, म्हणून मामीने नुसत्या भुवया उडवल्या, सांगितलंस? मी मान डोलावली. गाडी चढू लागली. मध्यावर आलो आणि मामीची मान वळली. कुंपणाशी कोणी नव्हतं. डबा पुढे सरकला तरी ती मागे बघत राहिली. नव्या चालकाने हात केला, तो तिला दिसलाच नाही.

वर पोचल्यावर ती दार उघडायचं विसरली. लोकांनी काचेवर टकटक केली तेव्हा भानावर आली.

"काय म्हणाले?" सगळे उतरल्यावर तिने विचारलं.

"तयार झाला. बॅग भरतोय."

"लगेच?"

"लगेच."

"मी मान वळवत नाही, म्हणून त्यांना वाटत असेल मला दिसत नाही. अगं, समोरच्या काचेत दिसतं ते कुंपण. रोज दिसतात. आज काच रिकामी दिसली आणि..." खालच्या स्थानकातून निघायची घंटा झाली. मामीला गाडी खाली न्यावी लागली.

मी सायकल हाणत घरी आले. मामा बूट घालून बॅगेवर बसला होता आणि त्याचा गुडघा थांबत नव्हता. मी त्याला काचेचं सांगितलं. आज मामीने मान वळवून बघितलं, तेही सांगितलं.

"चालू गाडीत?" मामा उठलाच. "नियमात बसत नाही ते. सगळ्या नोकरीत तिने एकदाही मान वळवली नाही."

"मग जा आणि तिला रागाव."

"शेवटची फेरी मिळेल. चल," तो म्हणाला. बॅग तिथेच राहिली.

माझे पाय केव्हाच संपावर गेले होते, पण निघाले. आम्ही कुंपणाशी पोचलो तेव्हा दोघांनाही धाप लागली होती. मामीचा डबा आला. तिने नियमाप्रमाणे समोरच बघितलं, मान जराही हलली नाही. हात मात्र टोपीला गेला.

मामा घंटी वाजवायची विसरला, म्हणून मीच वाजवली.