पहिल्या चहाची दिशा

एकट्या राहणाऱ्या यांजिमाच्या मनात शेजारचा गोंगोर भरलाय, अशी कुजबूज त्या उन्हाळ्यात तामीर नदीच्या काठाने पसरली. पुरावा पक्का होता. सकाळी चहा उकळला की घरधनीण दाराबाहेर येते, पहिली पळी देवांचा मान म्हणून आभाळाला उडवते आणि मग चारी दिशांना. यांजिमा मात्र सगळा चहा एकाच दिशेला उडवायची, आणि त्या दिशेला गोंगोरच्या तंबूशिवाय दुसरं काही नव्हतं.

गोंगोर साधा माणूस. याक राखावेत, शेजाऱ्यांची खोगिरं शिवून द्यावीत, कुणाच्या अध्यात ना मध्यात. बायको गेल्यापासून चहा स्वतःच करायचा. तिकडचा चहा मिठाचाच, पण हा मीठ असं टाकायचा, की पाहुणे वाटी नुसती ओठाला लावून गवतपाण्याच्या गप्पा सुरू करत. आभाळाला चहा उडवायला गेला, तर निम्मा कुत्र्याच्या अंगावर.

बातमी आणली त्याच्या वहिनीने, सेव्जिदने.

"भावजी, देवांच्या आधी तुम्हाला चहा मिळतोय. नशीब काढलंत."

"वारा असेल, वहिनी."

"रोज एकाच बाजूचा? मग आज दाढी कशाला केलीत?"

गोंगोर हनुवटी चाचपत राहिला. एकटेपणाला तो विटला होता, हे खरं. पण यांजिमाला विचारलं आणि ती हसली, तर शेजार तुटणार. नाही विचारलं, तर आणखी एक हिवाळा स्वतःच्या हातचा चहा. शेवटी ठेवणीतला अंगरखा चढवून तो गेला.

यांजिमाने वाटी पुढे केली ती डाव्या हाताने.

डाव्या हाताने वाटी कोणी वैऱ्यालाही देत नाही. सकाळी देवाचा मान आणि आता हा अपमान? घ्यावी तर लाज, न घ्यावी तर भांडण. घेतली. चहा झकास होता, मीठ अगदी बेताचं. त्याने तर तो आणखीच गोंधळला.

"यांजिमा, सकाळी माझ्याकडे चहा उडवता, आता डाव्या हाताने देता. मी समजायचं तरी काय?"

"तुमच्याकडे? कोण म्हणतं?"

"सगळा काठ म्हणतो."

"काठाला कामं नाहीत." तिने चुलीवरचं झाकण डाव्या हाताने सारखं केलं. मग हळूच म्हणाली, "माझ्या लेकाला कळता कामा नये. कळलं तर गाई विकून मला शहरात नेऊन ठेवील."

"काय कळता कामा नये?"

"उद्यापासून दूध काढायला याल का? आपोआप दिसेल."

गोंगोर हो म्हणाला. कशाला हो म्हणालो, हे घरी पोचेपर्यंत त्याला उमगलं नाही. दुसऱ्या सकाळी तो यांजिमाच्या गाईंपाशी वाकलेला दिसला, आणि सेव्जिदने दुपारच्या आत लग्न ठरवून टाकलं.

यांजिमा वसंतात घोड्यावरून पडली होती आणि तिचा उजवा खांदा आखडला होता. चहा आभाळाला उजव्याच हाताने द्यायचा असतो. तो हात वर जात नव्हता, पुढे होत नव्हता, फक्त डावीकडे वळत होता. डावीकडे गोंगोरचा तंबू होता.